गेटवरचा मेजर, ग्राउंडवरचा मेजर

शिरूर-दौंड पट्ट्यात माणूस फौजेतून पेन्शनीत आला, की हुद्दा कुठलाही असो, गाव त्याला ‘मेजर’च म्हणतं. आणि ट्रंक उघडायच्या आत कुणीतरी विचारतं, “मेजर, रांजणगावला सिक्युरिटीत लागता का?”

यात चूक कुणाची नाही. रांजणगाव आणि कुरकुंभ, दोन्हीकडे एमआयडीसी. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यानं भरतीत माजी सैनिकाला प्राधान्य देता येतं. प्रशिक्षणाचे तासही कमी: इतरांना १६० लागतात, त्याला केंद्राच्या नमुना नियमांनुसार ५६ पुरतात. त्यामुळे सिग्नलमध्ये वायरलेस सेट दुरुस्त करणारा आणि रणगाड्याचं इंजिन उतरवणारा, दोघं एकाच गेटवर येतात. ट्रकचं चलन बघायचं, आवक-जावक लिहायची, साहेबांची गाडी आली की सलाम. काम हलकं नाही, रात्रपाळी तर नाहीच नाही. पण सतरा-अठरा वर्षं शिकलेलं त्यात फारसं कुठं लागत नाही.

दौंड तालुक्यातल्या एका निवृत्त हवालदारानं असं गेट सोडलं आणि पडीक रान घेऊन भरतीची अकॅडमी काढली. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत. वर्दी बघतच वाढलेली पोरं इथं कमी नाहीत.

पहाटे पाचला फक्कीच्या रेषा बॅटरीच्या उजेडात दिसतात. पोलीस शिपायाचं ग्राउंड ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. राखीव दलाला पाच किलोमीटर, म्हणून ती पोरं कालव्याच्या रस्त्यानं आधीच निघून गेलेली. उरलेल्यांना मेजर पहिल्या फेरीत चक्क अडवतात. “आत्ता नाही पळायचं. तिसऱ्या फेरीला बघू कोण पळतं.” चारशेच्या चार फेऱ्यांत माणूस मोडतो तो तिसऱ्या फेरीत. पहिली हौसेची असते, शेवटची सुटकेची.

गोळ्याकडे मला जास्त वेळ थांबावंसं वाटलं. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा चार किलोचा. नवीन पोरगं तो दगडासारखा भिरकावायला जातं. मेजर त्याचं मनगट धरून गोळा तळहातावरून बोटांच्या मुळाशी आणतात, मानेला टेकवतात, मग उजव्या टाचेवर हलकी लाथ. “जोर इथून. हात फक्त शेवटाला.” पुढच्या फेकीला गोळा हातभर लांब पडतो आणि पोराला ते आपोआपच झालं असं वाटतं. मेजर काही बोलत नाहीत.

नवीन त्यांनाही शिकावं लागलं. पलटणीत उशिरा येणाऱ्याला रगडा. इथं रगडा दिला की पोरगं दुसऱ्या दिवशी येत नाही, आई मात्र येते. फी उसाचं बिल आल्यावर देणारेही आहेत. हुकमावर चाललेल्या माणसाला ही उधारी नि समजूत सगळ्यात जड गेली असावी, असं मला त्यांच्या वहीकडे बघून वाटलं.

माजी सैनिकाला सरकारी वाटा आहेतच. राज्याच्या क आणि ड गटातल्या भरतीत १५ टक्के समांतर आरक्षण आहे, वयात सेवेइतकी आणि वर तीन वर्षं सूट आहे. पण लेखी परीक्षा पंचविशीतल्या पोरांच्या बरोबरीनं द्यायची असते, आणि पात्र माजी सैनिक मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्याला जाते. म्हणून पेन्शनीत येणाऱ्यानं सुटण्याआधीच्या दोन वर्षांतच अभ्यासाला लागावं, आणि घरी आल्यावर पहिली फेरी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मारावी.

आता या ग्राउंडवरून पोरं अग्निवीरही होतात. २०२२ च्या त्या योजनेत नोकरी चार वर्षांची, पुढं कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे पंचविशीच्या आसपास परत येतील, सेवानिधी घेऊन आणि पेन्शनीवाचून. कारखानदारांना एवढीच विनंती, मुलाखतीत त्यांच्यापुढं गेटची वही सरकवण्याआधी ‘तिथं काय काम करत होतास?’ हे विचारा.