कार्यजोखीम प्रश्नावलीचे मराठी रूपांतर

कामाची पद्धत, साधने व जागा यांमुळे कामगाराच्या स्नायूंवर व सांध्यांवर पडणाऱ्या ताणाची माहिती प्रश्नांद्वारे मिळविण्याचे साधन म्हणजे कार्यजोखीम प्रश्नावली. श्रम व शरीर यांचा मेळ घालणाऱ्या एर्गॉनॉमिक्स या शास्त्रात तिचा उपयोग करतात. परभाषेतील अशी प्रश्नावली मराठीत आणताना केवळ शब्दांतर पुरत नाही.

१९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली विशेष प्रचलित आहे. तीत मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, कोपर, कंबर, मनगट व हात, नितंब व मांड्या, गुडघे, घोटे व पाऊल असे शरीराचे ९ भाग आकृतीत दाखविलेले असतात. गेल्या १२ महिन्यांत व गेल्या ७ दिवसांत तेथे त्रास झाला काय, त्यामुळे नेहमीचे काम अडले काय, असे त्यात विचारतात.

रूपांतराची रूढ पद्धत अशी : दोन भाषांतरकार स्वतंत्र अनुवाद करतात, त्यांचा मेळ घातल्यावर मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्ती तो उलट मूळ भाषेत आणतात. तज्ञ समिती तफावत दूर करते आणि ३० ते ४० व्यक्तींवर मसुदा पडताळून पाहतात. पुढे तीच माणसे काही दिवसांनी तीच उत्तरे देतात का, हेही तपासतात.

नाशिक जिल्ह्यातील चांदवड या कांदा पिकविणाऱ्या तालुक्याचे उदाहरण घेता यातील अडचणी स्पष्ट होतात. कांदा काढणे, पात कापणे, प्रतवारी ही कामे वाकून वा उकिडवे बसून केली जातात. तेथे खुर्ची-मेजाच्या उंचीविषयीचा प्रश्न निरर्थक ठरतो. उकिडवे बसण्याविषयी मात्र विचारावेच लागते. बोलीत ‘हात’ बोटांपासून खांद्यापर्यंत व ‘पाय’ पावलापासून मांडीपर्यंत असू शकतो. म्हणून आकृतीवर बोट ठेवून विचारणे इष्ट. ‘वेदना’ या ग्रांथिक शब्दाने तीव्र दुखणेच सूचित होण्याचा संभव असल्याने ठणकणे, अवघडणे, आखडणे हे नित्याचे शब्द जोडावे लागतात. ‘१२ महिने’ याऐवजी ‘गेल्या दिवाळीपासून’ म्हटल्यास चैत्रात तो काळ जेमतेम ५ महिन्यांचा होतो. ‘गेल्या वर्षीच्या याच सणापासून’ असे म्हणणे अधिक अचूक होय.

काम म्हटले की अंग दुखायचेच, असे मानणारी मजूर स्त्री ‘काही त्रास नाही’ असे सहज सांगून जाते. प्रश्न चुकला की तिचे दुखणे नोंदीत येत नाही, आणि नोंद नसलेल्या दुखण्यासाठी अवजार, बैठक वा विश्रांतीची वेळ बदलण्याचा विचारही होत नाही.