गावात भरणाऱ्या वर्गाचे गटप्रमुख

१९८४ साली म्हैसूर मेडिकल कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी गरीब रुग्णांना औषधे मिळवून द्यायचे काम हाती घेतले. आर. बालसुब्रमण्यम हा त्यांतला पुढाकार घेणारा विद्यार्थी. त्या धडपडीतून ‘स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट’ उभी राहिली, आणि तीन वर्षांनी हे तरुण डॉक्टर हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ब्रह्मगिरीच्या आदिवासी वस्तीवर जाऊन दवाखाना चालवू लागले. कबिनी धरण आणि बंडीपूरचे राखीव जंगल यांच्यापायी इथल्या जेनू कुरुबा आणि काडू कुरुबा कुटुंबांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ठिकाण सुटले होते. दवाखान्यामागून शाळा आली, पुढे रुग्णालय आले. आता अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे विद्यार्थीसुद्धा समाजात काम करता करता शिकण्यासाठी या संस्थेकडे म्हैसूरला येतात.

या इतिहासात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. गावाशी पहिली ओळख झाली ती विद्यार्थ्यांची. प्राध्यापक, विभागप्रमुख, करारमदार हे सगळे नंतरचे.

आपल्या विद्यापीठांत गावाशी ओळख करून देण्याची ही जागा सांभाळणारी मुले आहेत, पण त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही. आज देशभरातल्या विद्यापीठांप्रमाणे म्हैसूर विद्यापीठातही राष्ट्रीय सेवा योजना चालते, आणि तिचा हिशेब सगळीकडे एकच आहे. एका एककात साधारण शंभर स्वयंसेवक आणि त्यांच्यावर एक कार्यक्रम अधिकारी. हा अधिकारी म्हणजे आपले नेहमीचे तास, पेपर आणि प्रवेशाची कामे सांभाळून हे करणारा प्राध्यापक. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचे, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे शिबिर. महाराष्ट्रात त्याला श्रमसंस्कार शिबिर म्हणतात. शंभर मुलांना एकटे सर गावात सांभाळतील हे शक्यच नाही. सांभाळतात ते दुसऱ्या वर्षाचे गटप्रमुख.

गटप्रमुखाचे काम शिबिराच्या कितीतरी आधी सुरू होते. सरपंचांना भेटायचे, शाळेच्या खोल्या मागायच्या, पाण्याची आणि रात्रीच्या दिव्यांची सोय बघायची. पाहणीचे प्रश्न कागदावर ठीक दिसतात, पण “तुमचे उत्पन्न किती?” असे दारात उभे राहून विचारले की घरची बाई आत निघून जाते. तेव्हा आधी पिकाचे, पावसाचे, मुलाच्या शाळेचे बोलायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना गटप्रमुखच दाखवतो. म्हैसूरच्या परिसरात त्यात भाषेची भर पडते. शहरातली कन्नड आणि हाडीवरची, म्हणजे आदिवासी पाड्यावरची, जेनू कुरुबांची बोली यांत अंतर आहे. ते ओलांडायला तिथलाच एखादा मुलगा किंवा मुलगी सोबत लागते. रात्री सगळे गोल करून बसतात, दिवसभरात काय दिसले ते बोलतात. त्या बैठकीत खरे शिक्षण होते, आणि ती बैठक बहुतेक वेळा वीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा चालवत असतो. मी याला अध्यापनच म्हणेन.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुळे शोधताना एक मराठी नाव भेटते. १९५९ मध्ये सी. डी. देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेचा विचार करायला समिती नेमली गेली. पदवीकडे वळण्याआधी विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने सेवा करावी, असे तिने सुचवले. सक्ती मागे पडली. अखेर २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह ऐच्छिक स्वरूपात योजना सुरू झाली.

दुसरीकडे याच कामाला मान आणि मोबदला कसा मिळतो, तेही पाहण्यासारखे आहे. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात एम.टेक.ची मुले काही आठवडे गावात राहून अभ्यास करतात. आयआयटीत एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळते, आणि त्या बदल्यात आठवड्याचे ठरावीक तास अध्यापन साहाय्य करणे हे त्यांचे अधिकृत काम असते. म्हैसूरहून बंडीपूर आणि गुडलूर ओलांडून निलगिरीत कोटगिरीला गेले, तर तिथे कॉर्नेल आणि कीस्टोन फाउंडेशन यांच्या क्षेत्र अध्ययन केंद्रात परदेशी विद्यार्थी आणि निलगिरीतले स्थानिक तरुण एकाच वर्गात बसून एकत्र संशोधन करतात. स्थानिक तरुण तिथे नुसता वाटाड्या राहत नाही, बरोबरीचा विद्यार्थी असतो. मला हा नमुना सगळ्यांत जास्त पटतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये सामाजिक जबाबदारी आणि समाजसहभागाच्या अभ्यासक्रमाचा आराखडा दिला. महाराष्ट्रातही नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग यांना पदवीत श्रेयांक मिळू लागले. आता गावात जाणाऱ्या मुलांची संख्या वाढणार. पण ज्याच्या हाती ती मुले सोपवायची, त्या गटप्रमुखाला या व्यवस्थेत जागा कुठे आहे? प्रमाणपत्रावर सही झाली की त्याचे काम संपले, असे मानायची सवय आपल्याला लागली आहे. ती मोडायला हवी.

म्हणून माझी विनंती म्हैसूरच्या आणि महाराष्ट्रातल्या, दोन्हीकडच्या कुलगुरूंना आणि प्राचार्यांना आहे. गटप्रमुखाला शिबिराआधी रीतसर प्रशिक्षण द्या, त्याच्या तासांचे श्रेयांक द्या, एसटीच्या भाड्यापासून सुरुवात करून मानधन द्या, आणि पाहणीच्या अहवालावर सरांच्या नावाखाली त्याचे आणि त्या गावातल्या सोबत्याचे नाव छापा.