घोड्याच्या पाठीवरची गादी

मैत्रिणींनो, वाड्यावरचा संसार घोड्यावर लादतो आम्ही बायाच. पाठ सोलली तर तीही आधी आम्हालाच दिसते.

खोगिराखाली आम्ही जुनं घोंगडं घालतो. लोकर घाम शोषते. प्लॅस्टिकचं पोतं नको. ठिगळाची बाजू पाठीकडे येऊ देऊ नका. खांद्यावरच्या उंचवट्यापाशी कापड बोटांनी वर उचलून घ्या, कण्यावर ताणलं की तिथंच कातडं जातं. जाड घडीनं खोगीर डळमळतं, घासतं. नुसती खोगीरभरती!

ओझं उतरवल्यावर पाठ बघा. घामेजल्या पाठीत एखादा कोरडा ठिपका दिसला, तर तिथं दाब पडतोय. दुखावलेल्या जागी पुढं पांढरे केस येतात. घोंगडं उन्हात टाका, कुसळं वेचा. सूज असेल तर खोगीर चढवू नका. ओझं दुसऱ्या घोड्यावर, नाहीतर आपल्या डोक्यावर.