निकाहची डिस्क आणि नवा टीव्ही

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक डबा असतो. निकाह, वलीमा, अकीका, अब्बा-अम्मी हजला निघाले त्या दिवसाची गर्दी, असं बरंच काही त्यातल्या डिस्कवर असतं. घरात नवा, भिंतीवरचा टीव्ही येतो. जुना डिस्क प्लेअर त्याला जोडायला जावं, तर लाल, पांढरी, पिवळी वायर लावायला टीव्हीच्या मागे जागाच दिसत नाही. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, "आता हे कोण वापरतं? फेकून द्या."

आम्ही म्हणतो, फेकू नका. त्या डब्यात अशा माणसांचा चेहरा आणि आवाज आहे, जी आज आपल्यात नाहीत. दादीचा फोटो प्रत्येक घरात असतो. पण दादी बोलते कशी, हसते कशी, सुनेला हाक कशी मारते, हे नातवंडांना त्या डिस्कवरच कळणार. थोडी माहिती असेल तर जोडणीचं हे काम घरच्या घरी होतं. ही माहिती शाळेत फळ्यावर समजावतो तशीच, एकेक पायरीने देत आहोत.

आधी डिस्क ओळखा

तिन्ही प्रकारच्या डिस्क दिसायला सारख्या, १२ सेंटिमीटरच्या. फरक आत असतो. व्हीसीडी ही सीडीच. तिच्यावरचं चित्र आपल्याकडच्या पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ ठिपके बसतात. ब्लू-रे डिस्क २००६ मध्ये बाजारात आली. तिच्यावर १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र मावतं. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, तर ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट माहिती राहते. डीव्हीडीसाठी लाल लेझर लागतो, ब्लू-रेसाठी निळा-जांभळा. म्हणून डीव्हीडी प्लेअरमध्ये ब्लू-रे डिस्क कधीच चालणार नाही. ब्लू-रे प्लेअर मात्र डीव्हीडी चालवतो. व्हीसीडी सगळेच ब्लू-रे प्लेअर चालवतात असं नाही. घेण्यापूर्वी घरातली एक डिस्क दुकानात नेऊन लावून पाहावी.

डिस्कच्या मधल्या भोकाभोवती किंवा वरच्या बाजूला सीडी-आर, डीव्हीडी-आर, बीडी-आर असं छापलेलं असतं. तेवढ्यावरून प्रकार कळतो.

मागच्या जागा वाचायला शिका

पिवळ्या वायरीतून फक्त चित्र जातं, लाल आणि पांढरीतून उजवा-डावा आवाज. ही जुनी पद्धत. हिच्यातून साधंच चित्र मिळतं. काही प्लेअरना हिरवी, निळी, लाल अशी आणखी तीन भोकं असतात. ती तिन्ही चित्रासाठीच आहेत. तिथली लाल आणि आवाजाची लाल यांची गल्लत झाली की रंग बिघडतात किंवा एका बाजूचा आवाज जातो.

तिसरी जागा एचडीएमआयची. चपटी, खालच्या बाजूला निमुळती, आत १९ पिना. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात. ही पद्धत २००२ च्या अखेरीस आली आणि आजच्या प्रत्येक टीव्हीला ती जागा असते. प्लेअरलाही ती असेल तर प्रश्न मिटला: एक वायर लावा, रिमोटवर सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून त्याच क्रमांकाचं एचडीएमआय निवडा. टीव्हीवर "एचडीएमआय २" लिहिलेल्या जागी वायर लावली आणि पडद्यावर "एचडीएमआय १" निवडलं, तर पडदा काळाच राहणार. बिघाडाच्या निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

वायर महागडी घेऊ नका. हा संदेश अंकांचा असतो. तो नीट पोचला तर चित्र पूर्ण दिसतं, नाही पोचला तर चित्र तुटतं किंवा जातं. सोन्याचा मुलामा दिलेल्या वायरीने दादीचा चेहरा अधिक उजळ होणार नाही. दोन-तीन मीटरची साधी, धड वायर पुरेशी आहे.

जुना प्लेअर, नवा टीव्ही

प्लेअरला फक्त लाल-पांढरी-पिवळी जागा असेल, तर आधी टीव्हीच्या मागे आणि बाजूला नीट पाहा. काही टीव्हींवर "एव्ही" लिहिलेलं एकच छोटं गोल भोक असतं, इअरफोनच्या भोकासारखं. त्यासाठी एका टोकाला ती बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंग असलेली जोडवायर लागते. ती त्याच टीव्हीसाठीची घ्यावी. पिनेतला क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. काही टीव्हींवर हिरव्या भोकाला पिवळी कडा असते. तिथे पिवळी वायर लावायची.

यातलं काहीच नसेल तर रूपांतर करणारी छोटी डबी मिळते. दुकानात मागताना नीट सांगा, "एव्हीतून एचडीएमआय." उलट दिशेची, म्हणजे "एचडीएमआयमधून एव्ही" अशी डबीही असते आणि ती अगदी तशीच दिसते. एकीचं काम दुसरी करत नाही. डबीला वीज लागते, तिची यूएसबी वायर टीव्हीला किंवा चार्जरला लावावी.

नवा ब्लू-रे प्लेअर आणि जुना मोठ्या डब्याचा टीव्ही असं असेल, तर अडचण उलटी असते. चित्रपटांच्या नकला होऊ नयेत म्हणून ब्लू-रेच्या नियमांत असं ठरलं, की २०१३ नंतर बनलेल्या प्लेअरला चित्राची जुनी जागा ठेवायचीच नाही. तिथे "एचडीएमआयमधून एव्ही" डबी लागते. तरीही विकत घेतलेली चित्रपटाची डिस्क नकार देऊ शकते. घरच्या शूटिंगच्या डिस्कला असं कुलूप सहसा नसतं.

मॉनिटर जोडताना

मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटरचा मॉनिटरही पडद्याचं काम करतो. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर जोडणी टीव्हीसारखीच. फक्त डीव्हीआय असेल तर एचडीएमआय-डीव्हीआय वायर चालते, पण तिच्यातून आवाज येईल असं धरून चालू नका. निळी, १५ पिनांची व्हीजीए जागा असेल, तर साधी वायर चालत नाही. रूपांतर करणारी डबी लागते.

पुष्कळ मॉनिटरना स्पीकर नसतो. चित्र दिसतं, आवाज नाही, म्हणून लोक प्लेअर दुरुस्तीला नेतात. मॉनिटरला इअरफोनचं भोक असेल तर तिथे स्पीकर लावा. नसेल तर प्लेअरच्या लाल-पांढऱ्या जागेतून आवाज स्पीकरला न्या. टीव्हीवरही चित्र येऊन आवाज येत नसेल, तर प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये "बिटस्ट्रीम" ऐवजी "पीसीएम" निवडून पाहा.

आखातातून आलेला प्लेअर

कोकणातल्या अनेक घरांत प्लेअर दुबई, कुवेत, सौदीहून आलेला असतो. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्कवर विभागाचा क्रमांक असतो. डीव्हीडीत आखाताचा विभाग २, भारताचा ५. ब्लू-रेत आखात 'बी'मध्ये, भारत 'सी'मध्ये. म्हणून तिकडचा प्लेअर इकडची चित्रपटाची डिस्क नाकारू शकतो. त्यात प्लेअर बिघडलेला नसतो. घरच्या शूटिंगच्या डिस्कवर असा विभाग नसतो. त्या कुठेही चालतात.

चेहरे पसरट दिसतात तेव्हा

जुनं शूटिंग चौकोनी, म्हणजे ४:३ मापाचं असतं. नवा टीव्ही १६:९. टीव्ही ते ओढून पूर्ण पडदा भरतो आणि सगळे पाहुणे जाडजूड दिसू लागतात. रिमोटवर पिक्चर साइझमध्ये ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, पण माणसं आपल्या मूळ रूपात दिसतील. प्लेअरमध्ये रिझोल्यूशन "ऑटो"वर ठेवावं.

वायरी लावताना-काढताना टीव्ही आणि प्लेअर दोन्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करा. हे काम मुलांना जरूर शिकवा, पण हा नियम आधी शिकवा.

चित्र दिसलं, आता जपा

घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डिस्कवर रंगाचा पातळ थर असतो. ऊन आणि उष्णता त्याला खराब करतात. डिस्क डबीत, उभी, सावलीत ठेवा. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको.

आणि डिस्क चालते आहे तोवर तिची नक्कल करून घ्या. डिस्क ड्राइव्ह असलेल्या कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी उघडली की "व्हिडिओ टीएस" नावाचं फोल्डर दिसतं. ते पूर्णच उचलून हार्ड डिस्कवर ठेवा. व्हीसीडीत "एमपीईजीएव्ही" फोल्डरमध्ये "डॅट" फाइल असते. ती व्हीएलसी या मोफत प्लेअरवर चालते. दोन नकला करा आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवा, एक आपल्याकडे, एक बहिणीकडे किंवा चाचांकडे.

शेवटचं काम वायरीचं नाही. डिस्क लावाल त्या संध्याकाळी नानी, फुफी, मोठे मामू यांना समोर बसवा आणि हातात वही घ्या. पंगतीत बसलेला हा कोण, दुल्हनच्या मागे उभी असलेली ती कोण, हे आज सांगणारं माणूस घरात आहे. चित्र नव्या टीव्हीवर कितीही स्वच्छ दिसलं, तरी नावं त्यात लिहिलेली नसतात. ती आत्ताच विचारून लिहून ठेवा.