अ‍ॅटलासच्या डोंगरातले गाव : पाहुण्याने जाणून घ्यावे असे काही

‘बर्बर’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. रानटी, असंस्कृत अशा अर्थाने तो आपण संस्कृतातून घेतला. आपली भाषा न बोलणाऱ्या परक्यांना ग्रीक लोकही जवळजवळ हाच शब्द लावीत. तोच पुढे रोमन आणि अरब अमदानीतून उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांना चिकटला, असे मानले जाते. हे लोक स्वतःला मात्र ‘अमाझीघ’ म्हणवतात आणि ‘स्वतंत्र माणूस’ असा त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. मोरोक्कोच्या पर्यटन व्यवसायात बर्बर गाव, बर्बर गालिचा हे शब्द सर्रास चालतात. पुदिन्याच्या चहाला तर ‘बर्बर व्हिस्की’ म्हणण्याची गंमत तेथील लोक स्वतःच करतात. तरीही ज्यांच्या घरी आपण मुक्कामाला जाणार, त्यांचे खरे नाव आपल्याला ठाऊक असावे, हे सौजन्याला धरून होईल. शिवाय ज्यांच्या माथी हे नाव मारले गेले, त्यांची डोंगरातील गावे पिढ्यानपिढ्या अतिशय काटेकोर नियमांवर चालत आली आहेत. हे नियम माहीत नसतील तर तेथील पदभ्रमण म्हणजे केवळ छायाचित्रांची सहल ठरते.

कळसूबाईहून उंच गाव

मराकेश या शहरापासून दक्षिणेला सुमारे ६५ किलोमीटरवर इम्लील हे गाव आहे. वाटेत अस्नी लागते. तेथे दर शनिवारी आठवड्याचा बाजार भरतो आणि आसपासच्या खोऱ्यांतील माणसे खेचरे घेऊन उतरतात. पुढे रस्ता अरुंद होत जातो. इम्लीलची उंची सुमारे १७४० मीटर. म्हणजे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर असलेल्या १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्याही वर हे गाव वसले आहे आणि खरी चढण येथून सुरू होते. तासाभराच्या पायपिटीवर आरुमद हे गाव दगडधोंड्यांच्या एका टेकाडावर उभे आहे. त्याहून वर सिदी शमहरूश हे श्रद्धास्थान, ३२०७ मीटरवर गिर्यारोहकांचे निवारे आणि शेवटी ४१६७ मीटर उंचीचे तुबकाल, म्हणजे उत्तर आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर. हा सारा परिसर १९४२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे.

बहुतेक पर्यटक दोन-तीन दिवसांत शिखर गाठून परततात. वाटेतली गावे त्यांना मुक्कामाच्या जागा वाटतात. वास्तविक या खोऱ्यांत पाहण्यासारखे जे आहे, ते शिखराच्या अलीकडेच आहे. नदीच्या दोन्ही अंगांना दगडी बांध घालून केलेली पायऱ्यांची शेती, त्यात जव आणि मका, बांधांवर अक्रोड, सफरचंद आणि चेरीची झाडे आणि या हिरव्या पट्ट्याच्या वर, खडकाळ उतारावर, एकाला एक लागून असलेली मातकट घरे. घरे उतारावर का, तर सपाट जमीन शेतीसाठी राखायची असते.

पाणी पाळीने, कुरण तारखेने

या भागात पावसाचा भरवसा नाही. शेती उभी आहे ती शिखरांवरील बर्फाच्या वितळत्या पाण्यावर. नदीच्या वरच्या अंगाला बांध घालून पाणी पाटात वळवतात. या पाटाला स्थानिक भाषेत ‘तारगा’ म्हणतात. पाटाचे पाणी कोणाच्या शेताला, कोणत्या दिवशी आणि किती वेळ मिळायचे याची पाळी ठरलेली असते. पाट साफ करण्यासाठी प्रत्येक घराने माणूस द्यावा लागतो. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फड पद्धत ज्यांना माहीत आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. तेथे पाटकरी जे काम करतो, त्याच प्रकारचे काम करणारा माणूस येथेही गावाने नेमलेला असतो. पाळी चुकवणे हा वैयक्तिक भांडणाचा नव्हे, तर गावसभेपुढे जाणारा विषय ठरतो. या गावसभेला ‘जमाआ’ म्हणतात.

पाण्याप्रमाणेच कुरणालाही नियम आहे. त्याचे नाव ‘अगदाल’. ठरावीक कुरण ठरावीक काळ सर्वांना बंद ठेवायचे, गवत पुरते वाढू द्यायचे, त्याला बी धरू द्यायचे आणि मग एकाच दिवशी सर्वांसाठी खुले करायचे, अशी ही रीत. उकाइमेदन येथील अगदाल याचे प्रसिद्ध उदाहरण. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंच असलेले हे कुरण परंपरेने १५ मार्चपासून १० ऑगस्टपर्यंत बंद असते. हिवाळ्यात त्याच उतारांवर शहरी मंडळी स्कीइंगला येतात. त्यांतील किती जणांना आपल्या पायाखालच्या जमिनीची ही वहिवाट ठाऊक असते, हा प्रश्नच आहे.

तिसरी रीत ‘तिवीझी’ची. कापणी, घरबांधणी, वाटेची दुरुस्ती अशा कामांना सारे गाव एकमेकांच्या मदतीला जाते आणि मजुरीऐवजी जेवण मिळते. आपल्याकडील इर्जिकीचीच ही बहीण. आइत बूगमेझ या पूर्वेकडील खोऱ्यात एका टेकडीवर सिदी मूसा नावाचे वर्तुळाकार सामुदायिक कोठार आहे. अशा कोठारांत एकेका कुटुंबाला धान्य आणि मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी स्वतंत्र खण असे आणि राखणीची जबाबदारी सर्वांनी मिळून नेमलेल्या माणसावर सोपवलेली असे. दुष्काळ आणि लुटालूट या दोन्ही संकटांवर गावांनी काढलेला हा तोडगा होता.

या साऱ्या रीतींमागील तत्त्व एकच आहे. जेथे साधने तुटपुंजी, तेथे एकाने जास्त घेतले तर दुसऱ्याला उरत नाही. पर्यटक गावात येतो तेव्हा तोही पाणी, जळण आणि वाट वापरतो. अर्थात तोही या हिशेबात धरला जातो, त्याला कल्पना असो वा नसो.

पैसा कोठे जातो

इम्लीलच्या परिसरात आज अनेक कुटुंबांच्या चुली पर्यटनावर चालतात. वाटाड्या, खेचरवाला, स्वयंपाकी आणि खोल्या भाड्याने देणारा घरमालक अशी ही साखळी आहे. घरगुती निवासस्थानांना फ्रेंच अमदानीचा वारसा म्हणून ‘झीत’ हेच नाव पडले आहे. आइत बूगमेझमधील ताबांत येथे पर्वतीय मार्गदर्शकांचे प्रशिक्षण केंद्र असून प्रशिक्षित मार्गदर्शकाकडे सरकारी ओळखपत्र असते. डिसेंबर २०१८ मध्ये इम्लीलजवळ दोन स्कँडिनेव्हियन तरुणींची दहशतवाद्यांनी हत्या केली. त्यानंतर तुबकालच्या वाटेवर तपासणी नाकी आली आणि शिखरावर जाण्यासाठी मार्गदर्शक सोबत असणे बंधनकारक झाले.

सह्याद्रीत वाटाड्याशिवाय भटकण्याची सवय असलेल्यांना ही अट जाचक वाटेल. पण तिचा दुसरा अर्थही ध्यानात घ्यावा. मराकेशमधील एखाद्या दुकानात सगळी सहल एकरकमी ठरवली, तर त्यातील किती रक्कम डोंगरात पोहोचते हे सांगता येत नाही. इम्लीलला येऊन मार्गदर्शक आणि खेचरवाला ठरवला, गावातल्या घरी राहिले, तर तोच पैसा थेट त्या खोऱ्यात पडतो. दर आधी ठरवावा, खेचरावर वाजवीपेक्षा जास्त ओझे लादू देऊ नये आणि निघताना बक्षिसी हातात द्यावी. घासाघीस गालिच्याच्या दुकानात शोभते. दिवसभर आपले ओझे वाहून नेणाऱ्या माणसाशी ती करू नये.

भूकंपानंतर

८ सप्टेंबर २०२३ रोजी रात्री अकराच्या सुमारास या डोंगराला ६.८ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. केंद्र अल हाऊझ प्रांतात होते. २९०० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. बाराव्या शतकातील तिनमेल मशिदीची मोठी हानी झाली आणि दुर्गम खोऱ्यांतील काही गावे तर जवळजवळ पुसली गेली.

जीवितहानी एवढी का झाली, हे मराठवाड्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि त्यांवर थापलेल्या मातीचे जड छप्पर अशी अ‍ॅटलासमधील पारंपरिक घराची रचना असते. आपल्याकडे यालाच माळवद म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशीच घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली होती. माती कोसळते तेव्हा ढिगाऱ्यात हवेच्या पोकळ्या फारशा उरत नाहीत, त्यामुळे अडकलेल्यांना वाचण्याची संधी कमी मिळते.

मोरोक्को सरकारने पूर्ण पडलेल्या घरासाठी १ लाख ४० हजार दिरहम, अंशतः पडलेल्यासाठी ८० हजार दिरहम आणि बेघर कुटुंबांना वर्षभर दरमहा २५०० दिरहम अशी मदत जाहीर केली. पण वाटपातील विलंबाविषयी आणि यादीतून वगळले गेल्याविषयी तक्रारी झाल्या आणि अनेक कुटुंबांनी तंबूत एकाहून अधिक हिवाळे काढले. घरे कशी बांधावीत हाही वादाचा विषय ठरला. सिमेंटचे घर भक्कम वाटते, परंतु या उंचीवर ते हिवाळ्यात गारठते आणि उन्हाळ्यात तापते. साहित्य खेचरावरून वर नेण्याचा खर्च वेगळाच. मातीचे घर हवामानाला मानवते, पण तुळया आणि पट्ट्यांनी बांधून काढल्याशिवाय ते भूकंपात टिकत नाही. पर्यटकाला जुनी मातीची घरे छायाचित्रासाठी हवी असतात. त्या छपराखाली रात्र काढणाऱ्याला सिमेंट हवे असेल, तर त्याला दोष कसा देणार?

‘अशा वेळी तेथे जावे का?’ हा प्रश्न भूकंपानंतर अनेकांनी विचारला. दरडीखाली गेलेल्या वाटा आणि बचावकार्य सुरू असलेली गावे टाळणे तेव्हा योग्यच होते. परंतु ज्यांची उपजीविकाच पाहुण्यांवर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी रिकामा हंगाम ही दुसरी आपत्ती ठरते. त्यामुळे जावे, मात्र पडझडीचे प्रदर्शन पाहायला जाऊ नये. ढिगाऱ्यासमोर उभे राहून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा.

घरात शिरताना

या खोऱ्यांतील भाषा तशल्हीत. अमाझीघ भाषेला मोरोक्कोत २०११ च्या राज्यघटनेने अरबीच्या जोडीने अधिकृत दर्जा दिला आणि ‘तिफिनाघ’ ही तिची लिपी आता पाट्यांवर दिसते. यन्नायर हे अमाझीघ नववर्ष २०२४ पासून १४ जानेवारीला राष्ट्रीय सुट्टी देऊन साजरे होते. आपल्या संक्रांतीच्याच सुमारास. भेटताच ‘अझूल’ म्हणावे आणि निरोप घेताना ‘तानमिर्त’, म्हणजे धन्यवाद. या दोन शब्दांनी बरेच काम होते.

गालिच्यावर पाय ठेवण्यापूर्वी जोडे काढावेत, एका ताटातून जेवताना उजवा हात वापरावा, खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घालावेत. हे आपल्याकडील खेड्यांत वाढलेल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. चहा उंचावरून धार धरून ओतला जातो आणि तो नाकारणे बरे दिसत नाही. शाकाहारी मंडळींनी मात्र आधीच स्पष्ट सांगावे, कारण ताजीन किंवा कुसकुसमधील भाज्या बहुधा मांसाबरोबरच शिजवलेल्या असतात. स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. मुलांना चॉकलेटे किंवा पेन वाटू नयेत. त्याने मागण्याची सवय लागते. सिदी शमहरूशच्या स्थानात आणि गावच्या मशिदीत मुस्लिमेतरांना प्रवेश नसतो. रमझानमध्ये मार्गदर्शक उपवास धरूनच चालत असतो, हे ध्यानात ठेवून टप्पे लहान ठेवावेत.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चालण्यास उत्तम. हिवाळ्यात तुबकालवर बर्फ असते. क्रॅम्पॉन आणि आइस अ‍ॅक्स वापरण्याचा सराव नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. तीन हजार मीटरच्या वर डोके दुखू लागले, मळमळू लागले तर चढणे थांबवावे आणि त्रास वाढल्यास खाली उतरावे. भारतीय पारपत्रधारकांना व्हिसा लागतो. त्याचे नियम बदलत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वी ते तपासून घ्यावेत.

शिखर चढून झाल्यावर एक दिवस गावासाठी राखून ठेवावा, एवढे सुचवावेसे वाटते. सप्टेंबरच्या उत्तरार्धात गेलात तर अक्रोड झोडपण्याचे काम चाललेले असते आणि साऱ्यांचे हात सालीच्या रसाने काळे झालेले असतात. यजमानाला विचारून पाटाच्या कडेने वरच्या बांधापर्यंत चालत जावे. कोणाच्या शेतात त्या दिवशी पाणी सोडले आहे, ते पाहावे. पुढची पाळी कोणाची, हेही विचारावे. हा प्रश्न विचारणारा पाहुणा तेथे फार वेळा येत नाही आणि त्याचे उत्तर सहसा चहाच्या दुसऱ्या पेल्यापर्यंत चालते.