तळ्याकाठचा न वापरलेला रस्ता

बँकेत घरकर्जाची कागदपत्रे तपासताना ले-आऊटचा नकाशा आमच्यासमोर नेहमी येतो. नकाशात रस्ता आखलेला असतो आणि जागेवर जाऊन पाहावे तर तिथे शेजाऱ्याची पेरूची झाडे! कर्जदार म्हणतो, "साहेब, तिथून कोणी जातच नाही." हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की, अमेरिकेतील सिॲटल शहराचे रहिवासीही नेमके हेच सांगून नगरपालिकेकडे अर्ज करतात हे वाचले, तेव्हा कुतूहल वाटले. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थी मित्रांना उपयोग होईल म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

सिॲटलच्या पश्चिमेस समुद्राची खाडी आणि पूर्वेस लेक वॉशिंग्टन नावाचे मोठे तळे आहे. शहर वसविताना कागदावर पट्टी ठेवून रस्ते ओढले गेले. चढ, कडा, पाणी यांचा फारसा विचार झाला नाही. त्यामुळे कित्येक रस्ते थेट पाण्याला जाऊन टेकले. पुढे १९१६ साली जहाजांच्या कालव्यासाठी या तळ्याची पातळी सुमारे ९ फूट उतरविण्यात आली आणि काठाने नवीन जमीन उघडी पडली. पाण्याला टेकणारी अशी सुमारे दीडशे टोके शहरात आहेत. कुठे बाक ठेवलेला आहे, कुठे होडी उतरवतात, तर कुठे नुसती काटेरी झुडपे माजली आहेत. काही ठिकाणी शेजारच्या बंगल्याची हिरवळ हळूहळू सरकत आलेली आहे.

रहिवाशांची बाजू अगदीच खोटी नसते, हे मान्य केले पाहिजे. रात्री अपरात्री दारू पिणारे येतात, कचरा पडतो, आणि रस्ता तर कधी झालेलाच नाही. शिवाय तेथील कायद्याप्रमाणे रस्त्याखालची जमीन बहुधा दोन्ही बाजूंच्या मालकांची, मध्यरेषेपर्यंत अर्धी अर्धी, समजली जाते. जनतेकडे असतो तो फक्त वहिवाटीचा हक्क. नगरपालिकेने तो सोडला की जमीन आपोआप मोकळी होते. मात्र नुसते कुंपण घालून वर्षे मोजल्याने काही साधत नाही, कारण सार्वजनिक रस्त्यावर कब्जेदाराची मालकी लागू होत नाही. म्हणून अर्ज करावा लागतो.

वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात त्याची रीत सांगितली आहे. रस्त्याला लागून असलेल्या मिळकतीपैकी दोन तृतीयांशाहून अधिक भागाच्या मालकांनी सह्या केल्या, तर नगरपरिषदेला सुनावणीची तारीख ठरवावीच लागते. ती ठरावानंतर २० दिवसांच्या आत नको आणि ६० दिवसांच्या पुढे नको. रस्ता सार्वजनिक होऊन २५ वर्षे झाली असतील, तर जमिनीची पूर्ण किंमत मागता येते.

परंतु रस्ता पाण्याला लागला की नियम बदलतो, आणि आमच्या मते खरा मुद्दा इथेच आहे. असा रस्ता बंदर, होड्या, उद्यान, पाण्याचे दर्शन, शिक्षण अशा सार्वजनिक कामासाठीच सोडता येतो. एरवी सोडायचा तर त्या तळ्याला टेकणाऱ्या सर्व रस्त्यांची यादी करून, ही जागा अशा कोणत्याच कामाची नाही असा निष्कर्ष परिषदेला काढावा लागतो. त्यातही पूर्ण बाजारभाव घ्यावा लागतो आणि तो पैसा पाण्यापर्यंतची दुसरी वाट, देखाव्याची जागा किंवा होड्यांची सोय मिळविण्यासाठीच खर्च करावा लागतो. एवढी कडक अट का? डांबरी गल्ली गेली तर दुसरी काढता येते. तळ्याचा काठ दुसरा तयार होत नाही. एकदा दिलेली जागा परत घ्यायची तर काय होते, याचे उदाहरणही त्याच शहरात घडले. उत्तरेकडील १३० व्या रस्त्याच्या टोकाशी लोक अनेक दशके पोहायला जात. शेजाऱ्यांनी १९३२ च्या एका जुन्या निर्णयाचा आधार घेऊन दावा केला आणि २०१४ साली अपिलातही त्यांचीच सरशी झाली. एका जुन्या कागदात हक्क राखून ठेवल्याचा शब्द नव्हता, एवढ्यावर किनारा गेला. मग शहराला तीच जागा सक्तीने संपादन करण्याचा मार्ग धरावा लागला.

हे वाचताना महाडची आठवण होणे आपल्याला साहजिक आहे. चवदार तळे खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ साली केला आणि सत्याग्रहानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये तो मागे घेतला. पुढे १९३७ साली मुंबई हायकोर्टाने, अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासून असल्याचे सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. तिथे प्रश्न माणुसकीचा होता, इथे सोयीचा आहे. दोन्ही एका तागडीत घालण्याचे कारण नाही. पण पालिकेच्या एका ठरावाने पाणी जवळ येते किंवा दूर जाते, हे दोन्हीकडे दिसते.

सिॲटलच्या बाबतीत आणखी एक तरतूद आम्हाला फार आवडली. सुनावणीची सूचना त्या रस्त्यावरच, ठळक दिसेल अशी लावावी लागते. ही सार्वजनिक वाट आहे, ती सोडण्याचा विचार आहे, आणि कोणाची हरकत असल्यास त्याने हजर राहावे किंवा अमुक अधिकाऱ्यास पत्र पाठवावे, असे तिच्यावर लिहिलेले असावे लागते. हरकत घेणारा त्या गल्लीत राहणारा असलाच पाहिजे, अशी अट नाही.