इंजिनाचे चार बोल्ट

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात लिहायचे म्हणजे कविता, फार तर प्रवासवर्णन, असा एक समज आहे. माझा विषय नट-बोल्टांचा आहे, त्याबद्दल प्राध्यापक मंडळींनी क्षमा करावी. लावणीच्या दिवसांत आपल्या वर्गातली बाके रिकामी का पडतात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो अगदीच परका वाटणार नाही.

आमच्या कोकणात भाताची खाचरे लहान. बांधांवरून मोठा ट्रॅक्टर न्यायला वाट नसते, म्हणून चिखलणीला पॉवर टिलर. जपानी धर्तीचे हे दोन चाकांचे यंत्र भारतात १९६० च्या दशकात बनू लागले. दोन मुठी धरून त्याच्यामागे चालायचे. पुढे एकाच आडव्या सिलिंडरचे डिझेल इंजिन असते आणि ते चेसीवर चार बोल्टांनी बसवलेले असते. चेसीतील भोके मात्र गोल नसून लांबट असतात, कारण इंजिन पुढेमागे सरकवून पट्ट्यांचा ताण साधावा लागतो. ही सोयच पुढे दुखरी जागा ठरते.

आमचा टिलर जुना घेतलेला, माझ्याहून वयाने मोठा. दोन हंगाम त्याचे एकच रडगाणे होते. सकाळी बोल्ट आवळावेत, दुपारपर्यंत ते पुन्हा ढिले. इंजिन सरकले की पट्टे सैल पडत, जळक्या रबराचा वास सुटे आणि चाके चिखलात जागीच थांबत. त्याहून वाईट म्हणजे सगळी थरथर मुठींपर्यंत पोचे. रात्री जेवायला बसल्यावर बाबांच्या बोटांना मुंग्या येत, घास नीट धरता येत नसे. अशा कंपनांनी बोटांतल्या रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते, हे वाचल्यापासून मी त्या चार बोल्टांच्या मागे लागलो.

तालुक्याच्या वेल्डिंगवाल्याने सोपा उपाय सांगितला. “भाऊ, चार टाके मारून देतो, जन्मात हलायचं नाही.” बाबा जवळजवळ तयार झाले होते. पण इंजिन चेसीला जोडून टाकले तर पट्टे ताणायचे कसे? शिवाय टाक्याच्या कडेचे लोखंड सततच्या हादऱ्यांनी तडकते, ते वेगळेच.

मग बोल्ट ढिले होतात तरी का? एक किलोचा दट्ट्या ९० मिलिमीटरच्या अंतरात मिनिटाला २००० फेऱ्यांच्या गतीने ये-जा करतो असे धरा. प्रत्येक टोकाला त्याला थांबवून उलटा फिरवायला त्याच्या वजनाच्या सुमारे दोनशेपट जोर लागतो. वजनी चाके त्यातला काही भाग सावरतात. उरलेला धक्का इंजिन चेसीला देते, सेकंदाला तेहतीस वेळा पुढे आणि तेहतीस वेळा मागे.

आपल्याला वाटते की बोल्ट खुंटीसारखा हा धक्का अडवतो. तसे नाही. बोल्ट आणि भोक यांच्यात फट असतेच, आणि इथे तर भोकच लांबट! आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगसारखा इंजिनाचा पाय चेसीवर दाबून धरतो. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला १२ मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला, तर हा दाब साडेतीन टनांच्या आसपास जातो. दाबामुळे घर्षण, आणि घर्षणामुळे इंजिन जागेवर. मधे तेल, चिखल किंवा रंगाचा थर असला की घर्षण घटते, थर झिजून दाबही उतरतो आणि पाय केसभर सरकू लागतो.

त्या केसभरातच सगळा घात आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले की बोल्टाच्या आडव्या दिशेने होणारी सरक नट सर्वांत लवकर ढिला करते. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतारच. उतरत्या फळीवरची वीट घर्षणाने थांबते, पण फळी आडवी हलवली की घसरू लागते, नटाचेही तसेच. ज्या स्प्रिंग वायसरवर आपली सर्वांची श्रद्धा असते, तो थोड्याच दाबाने सपाट होतो आणि मग नुसता वायसर उरतो!

मे महिन्याच्या अखेरीस गावातले फिटरकाका आणि मी कामाला लागलो. फणसाच्या फांदीला चेन-कप्पी बांधून इंजिन उचलले. खाली काय नव्हते! जुन्या रंगाचे पापुद्रे, दगडासारखा घट्ट झालेला चिखल आणि त्यावर तेलाचा लेप. आमचा अर्धा दिवस खरवडण्यात गेला. दोन्ही बाजूंचे लोखंड उघडे पडेपर्यंत घासले, थिनरने पुसून कोरडे केले. चेसी डिझेलने ओली करून पुसली आणि खडू फासला. तडा असता तर झिरपलेल्या डिझेलची काळी रेघ खडूवर उमटली असती. ती उमटली नाही. लांबट भोकांच्या कडा मात्र वायसरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून जाड पट्टीचे रुंद वायसर कापून घेतले. बोल्ट नवे, ८.८ चे, नट नायलॉनची कडी असलेले.

इंजिन बसवल्यावर दोन्ही पुलींच्या तोंडांवर दोरी ताणून त्या एका रेषेत आणल्या, पट्टे ताणले आणि मग समोरासमोरचे बोल्ट तीन फेऱ्यांत आवळले. शेवटच्या फेरीला पान्यावर नळी चढवली आणि बोल्टापासून अर्ध्या मीटरवर ताणकाटा अडकवून सतरा किलोंपर्यंत ओढले. “आता शेतीपण प्रयोगशाळेत करणार काय रे?” म्हणून काका हसले, पण चौथ्या बोल्टाला काटा त्यांनीच मागून घेतला.

नवे जोड सुरुवातीला थोडे दबतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या चिखलणीनंतर पुन्हा पाना लावला. दोन नट जेमतेम हलले. आठ दिवसांनी लावला तेव्हा एकही हलला नाही. बाबांच्या मुंग्या कमी झाल्या आहेत, गेल्या नाहीत; सलग तासभर मुठी धरायच्या नाहीत असे मी त्यांना बजावले आहे, आणि उरलेली खाचरे मी करतो. हजेरीपटावर त्या आठवड्यात माझ्या नावापुढे काय लागले असेल ते सरांना माहीत आहेच.